ड्रंक अँड ड्राइव्ह : दहा हजारांच्या पुढे काय काय असतं?

हँडब्रेक

डिसेंबर उजाडला की व्हॉट्सॅपवर तोच निरोप फिरू लागतो. 'नाकाबंदीत सापडलात तर हुज्जत घालू नका, दहा हजार तयार ठेवा, पावती फाडा आणि घरी जा.' यातलं हुज्जत न घालणं तेवढं बरोबर आहे. बाकी सगळं चूक.

दारू पिऊन गाडी चालवण्यासाठीचं मोटार वाहन कायद्यातलं कलम १८५ म्हणजे सिग्नल तोडल्याच्या चलानाचा मोठा भाऊ, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. तो फौजदारी गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्यातले कोणते गुन्हे जागेवर पैसे भरून मिटवता येतात त्याची यादी कलम २०० मध्ये दिली आहे आणि त्या यादीत १८५ नाही. म्हणजे हवालदार दहा हजारांची पावती फाडून तुम्हाला मोकळं करूच शकत नाही. प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातं. तिथे 'गुन्हा कबूल' म्हणून दंड भरलात की त्याला दोषसिद्धी म्हणतात. हा शब्द पुढे नोकरीच्या, व्हिसाच्या, पोलीस पडताळणीच्या फॉर्मवर भेटतो.

कायदा थोडक्यात असा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना मोटार वाहन चालवलं किंवा चालवण्याचा प्रयत्न केला की गुन्हा. स्कूटरही मोटार वाहनच. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० किंवा दोन्ही. १ सप्टेंबर २०१९ च्या आधी हे आकडे दोन आणि तीन हजार होते, तेही 'पर्यंत' होते. आता दंडापुढचा 'पर्यंत' काढून टाकला आहे. कैदेपुढचा तसाच आहे.

गंमत म्हणजे १९८८ चा मूळ कायदा याहून कडक होता. रक्तात 'कितीही थोडं' अल्कोहोल सापडलं तरी गुन्हा, असं त्यात होतं. ३० मिलिग्रॅमची सूट १९९४ च्या दुरुस्तीने आली.

माझं म्हणणं एवढंच की दहा हजार हा या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. लायसन्स, विमा, अपघात झाला तर लागणारी कलमं, खरा खर्च तिथे होतो. इथे वकील, डॉक्टर, विम्यातले लोक आहेत. त्यांनी भर घालावी. ज्यांना 'आमच्या वेळी कसं सोडलं' हे किस्से सांगायचेत त्यांनी वेगळा धागा काढावा.

---

तिसरा_गिअर

किस्से नकोत म्हणजे माझी एंट्रीच बंद की!

बरं, एक खरी शंका. मशीनमध्ये फुंकलंच नाही तर? पुरावाच नाही, तर गुन्हा कुठला?

---

काळा_कोट

तिसरा_गिअर, ही शंका माझ्याकडे येणारा प्रत्येक तळीराम विचारतो. बहुतेक जण फुंकायला नकार देऊन झाल्यावर.

कलम २०३ नुसार गणवेशातल्या पोलिसाला किंवा आरटीओच्या अधिकाऱ्याला तुम्ही प्यायला आहात असा वाजवी संशय आला तर तो श्वासाचा नमुना मागू शकतो. नकार दिलात आणि संशय कायम असला तर विनावॉरंट अटक करता येते. अटकेनंतर कलम २०४ खाली डॉक्टरकडून रक्ताचा नमुना. त्यालाही नाही म्हणालात तर कलम २०५ तयारच आहे. पटण्याजोगं कारण नसेल तर तुमचा नकार ही सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी गोष्ट आहे असं न्यायालय गृहीत धरू शकतं. नकारामुळे पुरावा नाहीसा होत नाही. नकारच पुरावा होऊन बसतो.

आता उलट बाजू, कारण पोलिसांनाही नियम आहेत. कलम १८५ खाली अटक केली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर ताब्यातून सोडावं लागतं. नीट वाचा, ताब्यातून सोडावं लागतं. खटला संपत नाही. हे 'दोन तास काढले की सुटलो' प्रकरण इंटरनेटवर फार फोफावलंय. बाईच्या रक्ताचा नमुना पुरुष डॉक्टर घेणार असेल तर दुसरी स्त्री हजर असली पाहिजे. अपघातात जखमी होऊन कोणी रुग्णालयात दाखल असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरला आधी कळवावं लागतं, आणि त्याने हरकत घेतली तर नमुना मागता येत नाही.

गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे 'रात्रभर आत ठेवतील' या भीतीने कोणाचे पाय धरण्याचं कारण नाही. मशीनचा छापील कागद निघतो. त्यावर वेळ, आकडा आणि तुमचं नाव बरोबर आहे ना ते पाहून मगच सही करा. नळी नवी लावायला सांगा. शांतपणे सांगितलं तर लावतात.

---

तटस्थ_तात्या

कोट साहेब, नुसता वास येतो म्हणून दोषी धरतात का? होमिओपॅथीची औषधं, खोकल्याचं सिरप, अशीही कारणं असतात लोकांकडे.

---

काळा_कोट

तात्या, फौजदारी खटल्यात नुसत्या वासावर भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच बचूभाई करयानी खटल्यात सांगून ठेवलंय की तोंडाला वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून, रक्ताची किंवा लघवीची तपासणी न करता, माणूस दारूच्या अंमलाखाली होता असा निष्कर्ष काढता येत नाही. ३० मिलिग्रॅमचा आकडा कायद्यात आहे, तेव्हा आकडा सिद्ध करावा लागतो.

सिरपचं म्हणाल तर तोंडात रेंगाळलेलं अल्कोहोल काही मिनिटांत जातं. तसं खरंच असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्या म्हणायचं. मात्र औषधातलं अल्कोहोल रक्तात जाऊन ३० च्या वर गेलं तर ते औषध होतं की व्हिस्की, याच्याशी १८५ ला देणंघेणं नाही.

अजून एक. अमली पदार्थांसाठी याच कलमात वेगळा भाग आहे. तिथे आकडा नाही, 'गाडीवर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतका' अंमल सिद्ध करावा लागतो.

---

मंगळवारकर

सगळं वाचलं. पण हे सगळं एक बिअर पिऊन दुचाकीवरून घरी जाणाऱ्या माणसाला. ज्यांच्या गाडीची किंमत आपल्या फ्लॅटइतकी असते त्यांच्यासाठी कुठलं कलम? तीन तास नाकाबंदी लावून दुचाकीवाले पकडायचे आणि पबच्या दारात उभ्या असलेल्या गाड्यांकडे ढुंकून पाहायचं नाही, हे आपण सगळे बघतो. मला दहा हजारांची भीती दाखवू नका, कायदा वरपर्यंत पोचतो का ते सांगा.

---

काळा_कोट

मंगळवारकर, तुमचा राग रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे एक गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण गेले. अ‍ॅलिस्टर परेरा खटला. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल सापडलं होतं, म्हणजे १०० मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाच्या कलमाखाली सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षं केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. निकालात न्यायालयाने असंही म्हटलं की तीन वर्षं अपुरी आहेत, पण शिक्षा वाढवून मागणारं अपील राज्य सरकारने केलेलंच नाही, म्हणून आम्ही त्यात जात नाही. हे वाक्य वाचताना मला आजही चीड येते.

त्याच वर्षी दिल्लीच्या बीएमडब्ल्यू खटल्याचा निकाल आला. १९९९ चा अपघात, सहा मृत्यू. तिथेही सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधच धरला, पण शिक्षा आधी भोगली होती तेवढीच ठेवली आणि वर ५० लाख रुपये व दोन वर्षं समाजसेवा लावली.

या दोन निकालांमुळे झालं काय? पूर्वी रस्त्यावरचा मृत्यू म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं (भादंवि) कलम ३०४-अ, जास्तीत जास्त दोन वर्षं, जामीनपात्र, हे समीकरण होतं. भरपूर पिऊन बेफाम चालवणाऱ्याला 'यात माणूस मरू शकतो' याची जाणीव असते असं धरता येतं, हे आता पक्कं झालंय. आज भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यूला कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत आणि जाणीव सिद्ध झाली तर कलम १०५ खाली दहा वर्षांपर्यंत कैद आहे. १०५ जामीनपात्र नाही. अपघातानंतर न कळवता पळून जाण्यासाठी १०६(२) मध्ये दहा वर्षं ठेवली होती. ट्रकचालकांच्या संपानंतर, १ जुलै २०२४ ला बाकी संहिता लागू करताना, ते उपकलम तेवढं बाजूला ठेवलं.

म्हणजे कायदा वरपर्यंत पोचतो. उशिरा पोचतो, दमून पोचतो. पण त्यावर उपाय म्हणून दुचाकीवाल्याला सोडा, हे मला पटत नाही.

---

मंगळवारकर

सोडा म्हणत नाहीये हो. तीन वर्षं आणि सात माणसं, एवढं वाचूनच मी गप्प.

---

डॉ_सुई

'एक बिअर' या शब्दावर थांबले. कुठली बिअर?

सत्तर किलोचा पुरुष धरा. पाच टक्क्यांची ३३० मिलिलिटरची छोटी बाटली म्हणजे साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल, रक्तात अंदाजे २७ मिलिग्रॅम. काठावर आत. तीच ६५० मिलिलिटरची आठ टक्केवाली स्ट्राँग घेतली तर ४१ ग्रॅम, म्हणजे ८५ च्या आसपास. मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट, आणि हा माणूस 'एकच घेतली' असं अगदी प्रामाणिकपणे सांगतो! व्हिस्कीचा साठचा एक पेग साधारण ४० च्या पुढे नेतो. बायकांमध्ये आणि कमी वजनाच्या माणसांत आकडा याहून वर जातो. हे सगळं ढोबळ आहे. पोटात काय आहे, किती वेळात प्यायलात, यावर फरक पडतो. याचा उपयोग करून 'बसतंय का' असं गणित मांडू नका.

रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतं. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ, उलटी, कशानेही हा वेग वाढत नाही. आता साठचे चार पेग घ्या. १७० च्या वर जाता. रात्री एकला झोपलात, सकाळी नवाला उठलात, आठ तासांत १२० उतरले. अजून ५० उरलेच. डोकं दुखत असेल पण 'उतरली' असं वाटतं, आणि ऑफिसला निघालेला माणूस कायद्याच्या दृष्टीने प्यायलेलाच असतो. सकाळी नाकाबंदी सहसा नसते म्हणून हे कोणाच्या लक्षात येत नाही. अपघात झाला की रक्त तपासलं जातं आणि मग घरचे म्हणतात, 'पण तो तर रात्री प्यायला होता.'

रक्त घेण्याबद्दलही थोडं. त्वचा स्पिरिटने पुसायची नाही, अल्कोहोल नसलेल्या द्रावणाने पुसायची. नमुना सोडियम फ्लोराइड घातलेल्या बाटलीत, नाहीतर ठेवल्याठेवल्या आकडा बदलू शकतो. सील, लेबल, सही, कोणी कोणाच्या हाती दिला त्याची नोंद. यातली एक कडी ढिली पडली की बचावाचे वकील तिथेच बोट घालतात. पुण्यात मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय. रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. प्रकरण न्यायालयात आहे, त्यावर जास्त बोलत नाही. आमच्या व्यवसायात मात्र त्या दिवसापासून ती बाटली हातात घेताना लोक दोनदा बघतात.

---

तिसरा_गिअर

डॉक्टरताई, तुमच्या हिशेबाने माझी अनेक वर्षांची रविवार सकाळ बेकायदेशीर निघाली.

---

डेंटपेंट

मी गाड्यांच्या विम्याचे दावे तपासतो. हँडब्रेक म्हणतात तो 'खरा खर्च' मी रोज पाहतो, म्हणून लिहितो.

तीन गोष्टी वेगळ्या करा. तुमच्या गाडीचं नुकसान, तुमची इजा, आणि समोरच्याचं नुकसान.

तुमच्या गाडीचं नुकसान : प्रमाणित पॉलिसीत स्पष्ट अट आहे. मालक, किंवा मालकाच्या माहितीने आणि संमतीने चालवणारा माणूस दारूच्या अंमलाखाली असेल तर एक रुपया नाही. इथे लोकांची एक मोठी गैरसमजूत आहे, की 'पोलिसांनी १८५ लावलंच नाही, मशीनही नव्हतं, म्हणजे विमा कंपनी काही करू शकत नाही.' २०२१ मध्ये इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच मुद्दा निकाली काढला. दिल्लीत इंडिया गेटजवळ २००७ साली पोर्शे उलटून जळाली होती. श्वासाची चाचणी नव्हती, रक्ताचा आकडा नव्हता. तरी वास, वेळ, अपघाताचा प्रकार या सगळ्यावरून विमा कंपनी 'अंमल' सिद्ध करू शकते असं न्यायालय म्हणालं आणि दावा नाकारणं योग्य ठरवलं. कोट साहेबांनी वर सांगितलेला फौजदारीतला कडक निकष इथे लागत नाही. म्हणजे १८५ मधून सुटलेला माणूस विम्यात अडकू शकतो.

तुमची इजा : वैयक्तिक अपघात कव्हरमध्येही तीच अट. चालक गेला तर मागे राहिलेल्यांना हे दाव्याच्या पत्रातून कळतं. ते पत्र लिहिण्याचं काम मला आवडत नाही.

समोरच्याचं नुकसान : इथे न्यायाधिकरणं बहुधा असं करतात, की कंपनीने पीडिताला आधी पैसे द्यावेत आणि मग ते गाडीच्या मालकाकडून वसूल करावेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दारू पिऊन चालवणं हा कंपनीच्या बचावाचा मुद्दा म्हणून कलम १५० मध्ये नावानिशी आला आहे. पुन्हा वाचा, मालकाकडून. मेलेला माणूस तरुण, कमावता असेल तर भरपाई पन्नास लाखांच्या वरही जाते. वसुलीची नोटीस घरावर येते. दहा हजारांची गोष्ट तेव्हा कोणाच्या आठवणीतही नसते.

---

बोलघेवडी

बापरे. म्हणजे भावाने माझी गाडी नेली, तो प्यायलेला असला, तर पैसे माझ्याकडून?

---

डेंटपेंट

हो ताई. गाडी तुमच्या नावावर, पॉलिसी तुमच्या नावावर, म्हणून वसुली तुमच्यावर. त्याने परस्पर किल्ली उचलली हे दाखवता आलं तर स्वतःच्या गाडीच्या दाव्यात थोडी आशा असते. वसुलीच्या बाबतीत भांडावं लागतं.

---

काळा_कोट

आणि बोलघेवडी, 'हा प्यायलाय' हे माहीत असताना किल्ली हातात दिली तर कलम १८८ आहे. १८५ च्या गुन्ह्याला चिथावणी किंवा साहाय्य करणाऱ्यालाही तीच शिक्षा. हे कलम क्वचित लावतात, पण आहे.

भाऊ अठराच्या आतला असेल तर विषयच वेगळा. कलम १९९-अ खाली पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. 'मला माहीत नव्हतं' हे पालकाने सिद्ध करायचं.

---

तटस्थ_तात्या

लायसन्सचं कोणी बोललंच नाही. आमच्याकडच्या एका ड्रायव्हरचं जप्त झालं, तो म्हणतो 'तीन महिन्यांनी आपोआप मिळतं'.

---

काळा_कोट

जप्त करणं आणि निलंबित करणं यात फरक आहे. कलम २०६ नुसार पोलीस लायसन्स काढून घेऊन आरटीओकडे पाठवतात. मग कलम १९ खाली आरटीओ म्हणणं ऐकून आदेश काढतं. रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगितलं की दारू पिऊन चालवणाऱ्याचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. तिथून ही 'तीन महिने' आली. किमान. न्यायालय कलम २० खाली स्वतंत्रपणे अपात्र ठरवू शकतं, ते वेगळंच. आणि त्या काळात गाडी चालवताना सापडला तर कलम १८२, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० किंवा दोन्ही. पोटासाठी चालवणाऱ्या माणसाला हे सगळ्यात जास्त लागतं. त्याची रोजीच जाते. मालक लोक दुसरा ड्रायव्हर ठेवतात आणि मोकळे होतात.

---

सातासमुद्रापार

इकडचं थोडं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत मर्यादा ०.०८ टक्के, म्हणजे भारताच्या अडीचपटीहून जास्त. युटामध्ये ०.०५. ते वाचून 'इकडे बरंय' असं नव्याने आलेल्या मुलांना वाटतं. पण व्हिसावर असलेल्यांनी लक्षात ठेवा, नोव्हेंबर २०१५ पासून नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो. दोषी ठरायची वाट पाहत नाहीत. इथलं वास्तव्य त्याने लगेच संपत नाही, पण भारतात लग्नाला म्हणून गेलात की परत येताना नवा व्हिसा, वैद्यकीय तपासणी, सगळं आलं. लग्न ठरलेलं असताना अडकलेली मुलं पाहिली आहेत.

इंग्लंडमध्ये मर्यादा ८०, स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ५०. तिथे दोषी ठरलात की किमान बारा महिने गाडी बंद, न्यायाधीशाच्या मर्जीचा प्रश्न सहसा येतच नाही. नमुना द्यायला नकार हा स्वतंत्र गुन्हा. जपानमध्ये तर दारू पाजणारा, गाडी देणारा आणि माहीत असून शेजारी बसणारा, तिघांनाही शिक्षा.

---

मंगळवारकर

शेजारी बसणाऱ्यालाही? हे आपल्याकडे आणलं तर अर्ध्या लग्नांच्या वराती तुरुंगात.

---

हँडब्रेक

वरातीचं माहीत नाही, पण मला हे जपानचं पटतं. आपल्याकडे पिणाऱ्याला 'तू चालव रे, तुला काय होतंय' म्हणणारा टोळीत एक असतोच, आणि त्याचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही.

---

बोलघेवडी

शेवटचं विचारते. पार्किंगमध्ये गाडीत एसी लावून झोपलं तर? नवरा म्हणतो इंजिन चालू असलं तरी गाडी हलत नाहीये, मग गुन्हा नाही.

---

काळा_कोट

कायद्यात 'चालवणे किंवा चालवण्याचा प्रयत्न' असं आहे. ड्रायव्हरच्या सीटवर, किल्ली लावलेली, इंजिन चालू, बाहेर सार्वजनिक रस्ता, असं असेल तर प्रयत्न नव्हता हे समजावण्यात रात्र जाईल आणि कदाचित काही तारखाही. झोपायचंच असेल तर इंजिन बंद, किल्ली दुसऱ्याकडे आणि माणूस मागच्या सीटवर. बंद पार्किंगमध्ये एसी लावून झोपू नये याचं कारण कायद्याचं नाही, धुराचं आहे. ते डॉक्टरताई सांगतील.

---

डॉ_सुई

कार्बन मोनॉक्साइड. वास येत नाही, जाग येत नाही. नवऱ्याला रिक्षाने घरी आणा.